वाकडी सातवी

४ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोचलं म्हणायचं इतकंच, गिरणीचा कागद घडीवर फाटला आणि पाकिटातून एकाची दोन पत्रं निघाली. कागद करणाऱ्यांच्या घरातली मुलगी दुकानातला रेघांचा कागद विकत घेऊन आत्याला पत्र लिहिते, हे कुणाला सांगायची सोय नाही. आपल्या कागदावर तुझी शाई पसरते म्हणे. शाई नाही पसरत बाई, तुझा हात रेंगाळतो. मी बघ, अख्ख्या तावावर लिहिते, एक टोकही कापत नाही, चार घड्या घालते आणि पाठवते. बावीस वर्षांत एक तरी फाटून आलं का?

बातमी चांगली नाही, म्हणून आधी भांडून घेतलं.

शनिवारी पाणीखात्याची नोटीस आली. ओढ्याचं पाणी आपल्या कारखान्यात आणणारा दगडी पाट ते एकतीस मार्चला बुजवणार आहेत. पलीकडच्या माळावर नव्या कारखान्यांची वसाहत होते आहे, तिला ओढ्याचं सगळं पाणी हवं. मी सोमवारी सकाळीच ऑफिसात जाऊन उभी राहिले. साहेब गुबगुबीत आहेत, खिडकीतल्या उन्हात डोळे मिटून बसतात आणि बोलण्याआधी मिश्यांवरून हात फिरवतात. मी त्यांचं नाव बोका ठेवलं आहे. बोका तसा वाईट वागला नाही. म्हणाला, नियम एकच आहे. परका अंमल सुरू व्हायच्या आधीपासून एखाद्या धंद्यासाठी पाट वापरात असेल, तर त्याला हात लावता येत नाही. मात्र लेखी पुरावा हवा. मी म्हटलं, माझ्या पणज्याचे पणजे याच पाटावर कागद करत होते. तो म्हणाला, पणज्यांवर शिक्का मारता येत नाही.

तुझ्या बाबांचं म्हणणं, नळाच्या पाण्यावर भागव. नळ दिवसाला तासभर येतो आणि त्या पाण्यात लगदा गाठाळतो. एकेकाळी या ओढ्यावर एक्केचाळीस हौद होते, आता माझा एक उरला. पाट बुजला की तोही गेला, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी काय हातावर हात ठेवून दारात बसू?

तू दिवसभर त्या दप्तरखान्यात जुन्या कागदांत डोकं घालून असतेस. मला एक कागद शोधून दे. एकच.

प्रकृतीला जप. लोभ आहे तोवर रागावणारच, हे समजून घे.

तुझी
आत्या

---

१३ जानेवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी कामाला लागले. कागदाबद्दलची बोलणी मुकाट्याने खाल्ली. हेही पत्र गिरणीच्याच कागदावर आहे, पण या खेपेला घडी हलक्या हाताने घातली आहे.

आता कडू औषध एका घोटात देते. परक्या लोकांनी मुलूख ताब्यात घेतला त्याच वर्षी त्यांचा एक अधिकारी घोड्यावरून गावोगाव हिंडला. कुठे काय पिकतं, काय बनतं, कोण काय विकतं, ते सगळं त्याने लिहून काढलं. त्या पाहणीचं पुस्तक पुढे छापलं गेलं. दीडशे वर्षं ते राज्य करून गेले, त्यालाही चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी आपल्या प्रत्येक सरकारी ऑफिसात तेच पुस्तक कपाटात आहे. आपल्याच सरकारने ते दोनदा नव्याने छापलं. तुझ्या बोक्याच्याही कपाटात असणार. त्यात आपल्या गावाबद्दल दोन ओळी आहेत. या गावात शेती आणि गुरांखेरीज उल्लेख करण्याजोगा कोणताही उद्योग नाही. लोक आळशी, परंतु निरुपद्रवी आहेत.

मी हे चारदा वाचलं. मग आमच्या मुख्य दप्तरदारांकडे गेले. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, सरकारी लेख आहे, तो खोटा म्हणायचा तर तितकाच जुना दुसरा लेख आण. भावनेच्या भरात इतिहास लिहू नकोस, हेही वर ऐकवलं. चार वर्षं मी या मुलखाच्या धंद्यांचं पुस्तक लिहिते आहे, परक्यांच्या आधी काय होतं आणि नंतर काय उरलं त्याचं, आणि माझ्याच गावाच्या प्रकरणाला मला या दोन ओळींनी सुरुवात करावी लागणार!

मी शोधणं सोडणार नाही. तूही मला आठवतं ते सगळं लिही. आजोबांकडून ऐकलेलं, त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. कुठला शब्द कुठल्या बाडाचं दार उघडेल, सांगता येत नाही.

बाबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

---

२२ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आळशी! पहाटे उठून गुडघाभर गार पाण्यात उभं राहून दिवसाला दोनशे ताव उचलणारे आळशी, आणि घोड्यावर बसून हिंडणारा मेला उद्योगी. तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती तीस वर्षं माझे ताव दगडाने घोटून गुळगुळीत करते आहे. तिचा दगड हातातच राहिला, मग म्हणाली, तो आला त्या दिवशी बाजार बंद असेल.

ती बोलली ते खरंही असेल. लढाई होऊन गेली होती, लोक डोंगरात पळाले होते. हौद रिकामे होते, म्हणून त्याला दिसले नाहीत.

आता तुला हवं ते लिहिते. बाबा, म्हणजे तुझे आजोबा, हौदावर काम करता करता सांगायचे. आपला कागद बैलांच्या पाठीवर लादून सात मुक्काम लांबच्या दरबारांत जायचा. परक्यांनी आपला एकही हौद फोडला नाही. त्यांना गरजच पडली नाही. पहिल्यांदा त्यांनी हुकूम काढला, की सरकारी काम जहाजाने आलेल्या कागदावरच होईल. मग आपला कागद प्रत्येक नाक्यावर जकात भरायचा आणि जहाजाचा कागद फुकट पुढे जायचा. एवढं झाल्यावरही पंधरा हौद टिकून होते. तेव्हा त्यांचे दलाल आले आणि चिंध्या विकत घ्यायला लागले. चिंध्या म्हणजे आपला जीव, त्यांच्याशिवाय लगदा कसला करणार? गावोगावच्या चिंध्या जहाजात भरून त्यांच्या गिरण्यांना गेल्या आणि त्यांचाच कागद होऊन परत आल्या. आपली माणसं आगगाडीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली. कागद करणारी बोटं खडीवर दोन वर्षंही टिकायची नाहीत, असं बाबा म्हणायचे. हे सांगताना मात्र त्यांचे हात थांबायचे.

आपला हौद का टिकला, तर वाकडीमुळे. तुला आठवते का? लहानपणी मी तुला ताव उजेडासमोर धरून आकडे शिकवले होते. ज्या गवताच्या काड्यांच्या चटईवर आपण लगदा उचलतो, त्या चटईच्या दोऱ्यांच्या रेघा कागदात उतरतात. बारा रेघा. आणि डावीकडून सातवी मधेच आठवीकडे कलते, चार बोटं तशीच वाकडी जाते आणि पुन्हा जागेवर येते. घराण्यातली कोण एक आजी ती चटई बांधत असताना सासूशी भांडली. दार उघडं ठेवायचं की लावायचं, यावरून. त्या रागात तिने सातवा दोरा ओढला. चूक लक्षात आली तोवर हजारो ताव विकून झाले होते, आणि व्यापारी परत आले तेव्हा वाकड्या रेघेचाच कागद मागायला लागले. तेव्हापासून आपल्यात नवी चटई बांधायची ती जुनी खाली अंथरून, दोऱ्यावर दोरा ठेवून, वाकडीसकट. सरळ करायची नाही. जहाजाच्या कागदाला कंटाळलेले चार जुने वैद्य आणि पोथ्या लिहिणारे त्या रेघेवरून माल ओळखायचे आणि आपल्याकडेच यायचे.

आपलं सरकार आलं त्या वर्षी बाबा पाचशे ताव घेऊन खरेदी ऑफिसात गेले. आता आपलेच लोक, आपलाच कागद घेतील, असं त्यांना वाटलं. दादा, म्हणजे तुझे बाबा, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, गठ्ठा त्याच्या डोक्यावर. तिथल्या साहेबाने एक ताव दिव्यासमोर धरला, सातवीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, दोष आहे. ताव टेबलाखाली टाकून दिला. दादाने तो उचलला आणि पुढच्या महिन्यात कारकुनीचा अर्ज केला. हौदाला त्याने पुन्हा हात लावला नाही.

लिहिता लिहिता माझाच पारा चढला. पाट मी सोडणार नाही. एकतीस मार्चला त्यांनी माती आणली तर पाटात बसून राहीन. मला तिथून उठवायला त्या बोक्याच्या अंगात तेवढा जोर नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. जीव लावतेस, तसाच लावत राहा.

तुझी
आत्या

---

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

खुर्ची घे आणि बसून वाच.

तीन आठवडे मी बाडं उपसत होते. तू सांगितलेलं सगळं खरं निघालं. जहाजाच्या कागदाचा हुकूम सापडला, नाक्यांवरच्या जकातीचा जाहीरनामा सापडला, चिंध्यांच्या दलालाची तीन पत्रंही सापडली. पण सगळं अंमल सुरू झाल्यानंतरचं. हौद कसे बुडाले याला पुरावा आहे, एक्केचाळीस होते याला नाही. मी जवळजवळ हात टेकले होते.

काल त्या पाहणीचं मूळ हस्तलिखित दुरुस्तीला बाहेर काढलं होतं. आपण सगळे छापील पुस्तक वाचतो, मूळ बाड कोण बघणार? त्याची शिवण सुटली होती आणि पानं मोजून नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला एक पान आहे, जे छापलंच गेलं नाही. त्यात तो घोडेस्वार लिहितो, की आमचा कागद जहाजाने येईपर्यंत जुन्या राजाच्या कोठारात सापडलेल्या कागदावर लिहीत आहे, आणि हा कागद आश्चर्य वाटावे इतका उत्तम आहे. इतका उत्तम कागद कुणी केला असेल, एवढं विचारायची तसदी मात्र त्याने घेतली नाही.

मी ते पान हातात घेऊन खिडकीशी गेले. आत्या, मला मोजायची गरजसुद्धा पडली नाही. पाच, सहा, आणि सातवी आठवीकडे कलली! चार बोटं. मी तिथेच उभी राहून रडले. दप्तरदार धावत आले, त्यांना वाटलं मी पान फाडलं.

तुझं चार जानेवारीचं पत्र पिशवीतच होतं. ते पानाशेजारी धरलं. दोन रेघांमधली अंतरंसुद्धा जशीच्या तशी. आपल्या गावात उद्योग नाही, हे वाक्य त्याने आपल्याच कागदावर लिहिलं आहे! लढाईच्या आधी राजाच्या कोठारात जाऊन पडलेल्या आपल्या कागदावर.

दप्तरदारांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि तासभर भिंगातून बघत बसले. म्हणाले, हा पुरावा होऊ शकतो, फक्त आज चालू असलेल्या हौदाचा नमुना सरकारी माणसासमोर घेतलेला हवा. तेव्हा तू एक कर. बोका पाहणीला येईल तेव्हा त्याच्यासमोर ताव उचल आणि त्याला सीलबंद करून दे. पाटासाठी मी केलेल्या अर्जाची सुनावणी अठरा मार्चला इथेच आहे. बाकी मी बघते.

आज मला कुणी काहीही बोललं तरी राग येणार नाही. ममता वाढती राहो.

तुझी
भिंगरी

ता. क. त्या भांडणाऱ्या आजीला माझा नमस्कार.

---

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की,

तुझ्या आत्याने लिहिण्याआधी मीच लिहितो, म्हणजे हकिगत क्रमवार जाईल. तुझ्या अर्जावरून पाहणी लागली होती, त्याप्रमाणे पाणीखात्याचे साहेब आज सकाळी साडेदहाला कागदाचा नमुना घेण्यास आले. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे नमुन्याकडे वरचे लोक कसे बघतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा गेले बारा दिवस मी आणि तुझी आत्या कंबर कसून कामाला लागलो होतो. होय, मीही. हौदाला हात लावला. चाळीस वर्षांनी लावला, पण बोटं विसरली नव्हती.

नवी चटई बांधली. आत्या जुनीवर ठेवून बांधणार होती. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, ज्या रेघेपायी आपल्या बाबांच्या हातातला ताव खाली टाकला, ती रेघ पुन्हा सरकारच्या डोळ्यांसमोर धरायची नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दोरा माझ्या हातात दिला. फूटपट्टी लावून बाराही दोरे सरळ बांधले. जुनी चटई खळ शिजवण्याच्या चुलीत घातली, म्हणजे चुकून कुणाच्या दृष्टीस पडायला नको. चिंध्या कमी होत्या, म्हणून शिल्लक होते ते सगळे जुने तावही भिजवून लगद्यात घातले. साहेबांनी ताव उजेडासमोर धरला, त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही. ताव सीलबंद होऊन गेला. नमुना पूर्णतः निर्दोष आहे.

तुझ्या आत्याचा चेहरा मात्र उतरलेला आहे. धुराने डोळे चुरचुरतात म्हणते. आपण आपल्याकडून कसूर केली नाही, हे समाधान आहे.

कळावे. मनात जागा असू द्यावी.

तुझा
बाबा

---

२६ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

माझं सतरा तारखेचं पत्र आत्याला आता मिळालं असेल आणि तुम्हीही वाचलं असेल. तुमचं पत्र मला जिन्यात मिळालं, तिथेच वाचलं. खोटं कशाला लिहू, पहिला तासभर मला तुमचा फार राग आला. घरात काहीच शिल्लक ठेवलं नाहीत. चटई नाही, एक ताव नाही, आणि सरकारच्या लखोट्यात सरळ रेघांचा कागद.

मग मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही टेबलाखालून तो ताव उचललात, हे मला आत्याने महिन्यापूर्वीच सांगितलं. तुम्ही मला जन्मात कधी सांगितलं नाही. बाबा, राग गेला.

आता ऐका. आता नव्याने वाकडी चटई बांधून उपयोग नाही. ते पान बघूनच बांधली, असं कुणीही म्हणेल. पण माझ्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक आहे. मी अकरा वर्षांची असताना वसतिगृहात आले, तेव्हापासूनचं आत्याचं प्रत्येक पत्र तिच्यात आहे. प्रत्येक अख्ख्या तावावर, पत्ता त्याच तावाच्या पाठीवर आणि त्यावर टपाल खात्याचा तारखेचा शिक्का. रात्र सरायच्या आत मी सगळी दिव्यासमोर धरून पाहिली. बावीस वर्षांत आत्याने चार चटया बदलल्या असतील, सातवी एकदाही सरळ झाली नाही.

वर्षाला एक, अशी बावीस पत्रं मी दाखल करणार आहे. आत्याला तुम्हीच सांगा, ती मला ओरडेल. आणि जेवत जा.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
भिंगरी

---

४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेत, पण आज अनेक नाहीत आणि उत्तमही नाहीत.

माझी पत्रं तू कचेरीत वाचायला देणार? त्यांत काय काय आहे, आठवतं का? तुझ्या पहिल्या पाळीच्या वेळी लिहिलेलं आहे. मला बघायला आलेल्या त्या सावकाराच्या मुलाच्या कानांबद्दल लिहिलेलं आहे. शेजारीण रोज माझ्यासमोर बसते, तिच्या नवऱ्याबद्दल मी काय लिहिलं आहे ते तिला कळलं तर ती तो घोटायचा दगड माझ्याच डोक्यात घालेल. आणि यंदाच्या पत्रात तर मी साहेबाला बोका म्हटलं आहे! दोनदा!

दादाचं काय सांगू? तुझं सतरा तारखेचं पत्र मी वाचत होते आणि तो तिथेच उभा होता. मी पुढे वाचू शकले नाही, म्हणून त्याने घेतलं. वाचून झाल्यावर चुलीपाशी जाऊन बसला आणि चिमट्याने राख उलटीपालटी करायला लागला. एक काडी तरी सापडेल म्हणून. मी त्याला काय बोलणार? दोरा मीच त्याच्या हातात दिला होता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी भाऊ हौदाशी आला आहे, एका रेघेपायी त्याला परत घालवू का?

हे पत्र त्या नव्या सरळ कागदावर आहे. शाईला काही फरक पडत नाही, मला पडतो आहे. ओळ चुकते आहे सारखी.

दोन दिवस विचार केला. लाज माझ्या एकटीची आहे. पाट एक्केचाळीस घरांचा होता. दे सगळी पत्रं. वाचू देत त्यांना. पण चांगल्या उजेडात वाचा म्हणावं. चार जानेवारीचं तेवढं शक्य असेल तर वगळ.

अठरा तारखेला तोंड धुऊन, धड कपडे घालून जा आणि घाबरू नकोस. तू माझी आहेस, हे विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी
आत्या

---

१९ मार्च

ती. आत्यास आणि ती. बाबांस,

दोघांना मिळून सा. न. वि. वि.

पाट राहिला!

हे आधी लिहिलं, आता सावकाश सांगते. सुनावणीच्या खुर्चीत एक बाई होत्या, केस पांढरे, आवाज अगदी हळू. वसाहतीचे वकील आले होते आणि तुमचे साहेबही कागदपत्रं घेऊन आले होते. आधी सीलबंद नमुना उघडला. बाईंनी तो त्या जुन्या पानाशेजारी दिव्यासमोर धरला. तिकडे वाकडी, इकडे सरळ. वकिलांनी हसू लपवायचेही कष्ट घेतले नाहीत. म्हणाले, दोन कागदांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आता डोळ्यांना दिसतंच आहे.

मग मी ट्रंक उघडली. बावीस पत्रं टेबलावर ओळीने मांडली. दप्तरदारांनी प्रत्येक सातवी मोजली, कर्कटकाने अंतरं घेतली आणि एकेक आकडा मोठ्याने सांगितला. बावीसच्या बावीस जुळल्या. वकील म्हणाले, चूक कुणाचीही होऊ शकते, दोन माणसांच्या चटईत एकच चूक निघू शकते. बाई म्हणाल्या, चूक एकदा होते. दोनशे वर्षं इतक्या काळजीने सांभाळलेली असेल, तर ती चूक नसते.

त्यांनी मला विचारलं, मग नमुन्यातली रेघ सरळ कशी? मी खरं ते सांगून टाकलं. माझ्या बाबांनी सरळ केली, सरकारला दोष दिसू नये म्हणून. बाईंनी विचारलं, बाबा सरकारी नोकरीत होते का? मी म्हटलं, पस्तीस वर्षं. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे. सगळे हसले. मग त्या पुढचं बोलल्या. बाबा, ते तुमच्यासाठी आहे. त्या म्हणाल्या, नमुना वाकड्या रेघेचा आला असता, तर या कामासाठी मुद्दाम केला असेल अशी शंका मला आली असती. टपालाचा बावीस वर्षांपूर्वीचा शिक्का मात्र कुणी मुद्दाम करून आणू शकत नाही. तेव्हा बाबा, चटई चुलीत घातल्याचं ओझं आता खाली ठेवा.

जानेवारीचं पत्र वगळता आलं नाही, आत्या. त्यातच रेघ सगळ्यांत स्पष्ट होती. बाईंनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं, पहिल्या ओळीपासून. मिश्या, ऊन, सगळं. साहेब तिथेच बसले होते. हात मिश्यांकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. बाईंनी त्यांना विचारलं, पत्रातला मजकूर खरा आहे का? ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, पणज्यांवर शिक्का मारता येत नाही, असं मी म्हणालो होतो, ते खरं आहे. बाकीचं बाईसाहेबांनीच ठरवावं.

निकाल लेखी मिळाला. पाटाला हात लावायचा नाही. त्या पाहणीच्या मूळ बाडाला आमच्या दप्तरदारांची एक चिठ्ठी कायमची जोडायची, असंही त्यात आहे. माझ्या प्रकरणाची सुरुवातही सुचली. त्या माणसाच्या दोन ओळी तशाच ठेवणार आहे, आणि त्यांच्याखाली लिहिणार आहे, की ज्या कागदावर हे लिहिलं, तो कागद याच गावात झाला.

पत्रं आता सरकारजमा आहेत. ट्रंक फार रिकामी वाटते. जिव्हाळा आटू देऊ नका आणि पत्रं पाठवा.

तुमची
भिंगरी

---

१४ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. सगळे परत दिले आहेत. वि. वि.

तुझं पत्र वाचून दादा मागच्या दाराने निघून गेला. मी बघायला गेले तर पाटाच्या काठावर पाय सोडून बसला होता. अंधार पडेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी हौदावर हजर. आता रोज येतो. येतो आणि मला शिकवतो, हे सांगायलाच नको.

निकालाची प्रतही आली. कागद इतका पातळ, की मागून बोट दिसतं. असो, मजकूर भक्कम आहे.

एक अडचण राहिली होती. सरळ चटई आम्ही दोघांनी मिळून उसवली, पण वाकडी बांधायची कशावरून? जुनी चटई गेली, जुने ताव गेले. आठवणीतून बांधून पाहिली, सातवी कधी जास्त कलायची, कधी कमी. दादा म्हणाला, साधारण जमली तरी चालेल. मी म्हटलं, दोनशे वर्षं कुणी साधारण बांधली नाही.

मंगळवारी बोका आला. म्हणजे साहेब आले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. त्यांनी पिशवीतून एक लखोटा काढून माझ्यापुढे ठेवला. माझं जानेवारीचं पत्र. म्हणाले, नक्कल काढून घेतली आहे, मूळ परत द्यायची परवानगी मी मागून घेतली, माझंही नाव त्यात असल्यामुळे. मी त्यांना उन्हात खुर्ची दिली. ते बसले आणि डोळे मिटले.

ते पत्र मी काचेवर पसरलं, चार घड्या हाताने सपाट केल्या आणि त्यावर काड्या मांडल्या. दादाने दिवा खालून धरला. रेघेवर दोरा, रेघेवर दोरा. सातवीला पोचले तेव्हा दादाने दिवा बघायला आलेल्या शेजारणीकडे दिला आणि दोरा माझ्या हातातून घेतला. सातवी त्याने बांधली.

हा त्या चटईवरचा पहिला ताव. कोरा दुसराही सोबत घातला आहे, उत्तर त्याच्यावर लिही, सबब ऐकणार नाही. हे पत्र वाचून झालं की खिडकीशी जा आणि मोज. जमली आहे का, ते उलट टपाली कळव. दादा रोज विचारतो.

तुझी
आत्या